पणाला लागलेली मिशी

माझे सासरे आणि मी, आमचं आजवर एकाही नटीवर एकमत झालेलं नाही. बाकी सगळ्यावर होतं. सोसायटीचं पाणी, माशांचे भाव, नातेवाइकांचे स्वभाव, कुठलाही विषय काढा, आम्ही दोघं एका बाजूला असतो. पण सिनेमाच्या बक्षिसांचे दिवस आले की वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या घरात दोन पक्ष पडतात, आणि माझा नवरा जेवणाचं ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसतो. तो म्हणतो, "निकाल लागला की हाक मारा."

तिसरा पक्ष म्हणजे समोरच्या फ्लॅटमधल्या टीचर. त्या मूळच्या वसईच्या गावातल्या, केळीच्या वाड्या असलेल्या ख्रिस्ती घरातल्या. आईशी फोनवर घरच्या बोलीत बोलायला लागल्या की आम्हाला निम्मंही कळत नाही. सिनेमावर भांडताना मात्र अगदी शाळेतल्या मराठीत भांडतात आणि मध्येच "विषयाला धरून बोला" असं सासऱ्यांनाही बजावतात.

आमच्या मजल्यावर एक पद्धत आहे, ती टीचरनीच सुरू केली. हा बक्षिसांचा सोहळा होतो एका दिवशी आणि टीव्हीवर दिसतो पुढे कधीतरी रविवारी. मधल्या दिवसांत सगळ्या जगाला फोनवर निकाल कळलेले असतात. एका वर्षी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता. टीचर त्या दिवसांत मटण-मासे सोडतात. त्या म्हणाल्या, "या वर्षी मी निकालही सोडले. टीव्हीवर दिसेपर्यंत कानावर येऊ देणार नाही." आम्हाला ते इतकं आवडलं की आम्हीही तो उपास धरला. मटण सोडायला आमच्यातलं कुणी तयार झालं नसतं, पण निकाल सोडले.

हा उपास कडक असतो, कुणाला वाटेल तसा सोपा नाही. नवरा सकाळी पेपरातली सिनेमाची पुरवणी आधी काढून घेतो आणि मग पेपर सासऱ्यांच्या हातात देतो. मी ऑफिसात फोन उलटा ठेवते. यंदा शेजारच्या टेबलावरची मुलगी "मॅडम, कळलं का, बेस्ट ॲक्ट्रेस..." एवढं बोलली आणि मी इतक्या जोरात "गप्प!" म्हणाले की साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांना कारण सांगितलं तर ते परत आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

यंदाची लढत मोठी होती. सासऱ्यांची नटी एका सिनेमात नर्स झाली होती. माझी नटी वयाने मोठी, तिने एका वकिलीणबाईचं काम केलं होतं. माझं म्हणणं असं की नुसतं रडणं म्हणजे अभिनय नव्हे. नर्स तीन वेळा रडते आणि एकदाही तिचं नाक लाल होत नाही. खरं रडणाऱ्या बाईचं नाक आधी लाल होतं, डोळे नंतर. सासरे म्हणाले, "तुझी वकीलबाई तर रडतच नाही. नुसती भुवई वर करते. भुवईला बक्षीस देतात का?" टीचरना दोघीही पसंत नव्हत्या, कारण दोघींचं मराठी त्यांना कच्चं वाटत होतं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्या नर्सने जन्मात कांदा चिरलेला नाही. सुरी बघा कशी धरलीय." सासूबाई सिनेमावर एवढंच बोलतात, आणि तेही आतूनच.

कांद्याचा मुद्दा सासऱ्यांना फार लागला. ते खुर्चीतून उठले. "हिला बेस्ट ॲक्ट्रेस मिळालं नाही तर मिशी उतरवीन!"

आता सासऱ्यांची मिशी म्हणजे काय ते सांगायला हवं. ती दाट आहे, पांढरीशुभ्र आहे, आणि वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्या ओठावर टेकते. लग्नाच्या आधीपासून ती एवढीच आहे, फक्त तेव्हा काळी होती. रोज सकाळी गॅलरीच्या उजेडात छोट्या कात्रीने तिची निगा राखली जाते, आणि तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं. माझ्या नवऱ्यानेसुद्धा आपल्या वडिलांचा वरचा ओठ कधी बघितलेला नाही. आणि त्यात सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. सोहळा टीव्हीवर दिसणार त्याच्या पुढच्या रविवारी स्टेशनजवळच्या स्टुडिओत फोटो काढायचा ठरला होता. सासूबाईंनी नवी पैठणी फॉल लावायला टाकली होती.

"अहो, फोटो आहे," सासूबाई आतून म्हणाल्या. पण हळूच म्हणाल्या.

"फोटोला मिशी असणार आहे. कारण बक्षीस मिळणार आहे," सासरे म्हणाले. मी टीचरना साक्षीदार केलं. मला तेव्हा नुसती मजा वाटत होती.

सोहळ्याचा रविवार आला. संध्याकाळी टीचर केळ्यांचा फणा आणि केकचा रिकामा डबा घेऊन आल्या. केळी खायला आणि डबा आमचे फोन ठेवायला. नवरा नेहमीप्रमाणे गॅलरीच्या दाराशी बसला. एरवी सासरे हा कार्यक्रम कसा बघतात तर पहिला नाच सुरू झाला की डुलकी काढतात आणि शेवटचं बक्षीस जाहीर व्हायच्या वेळी बरोबर जागे होतात. या वर्षी मात्र ते ताठ बसले होते. मिशी पणाला लागली होती ना! नाच झाले, विनोद झाले, वेशभूषा आणि संकलनाची बक्षिसं भराभर उरकली. सासरे पापणी लववत नव्हते.

मग लिफाफा उघडला आणि माझी वकीलबाई सर्वोत्कृष्ट अभिनेत्री!

मी सोफ्यावरून उडीच मारली. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली, टीचरच्या गळ्यात पडले, नवऱ्याला गॅलरीच्या दारातून ओढून आणलं. चांगली नोकरीवाली, चाळिशी ओलांडलेली बाई मी, पण आनंद झाला की मला माझं वय आठवत नाही. तेवढ्यात जाहिराती लागल्या. सासरे शांतपणे उठले आणि आत गेले. मला वाटलं, रुसले. येतील थोड्या वेळाने.

इथे एक गोष्ट अशी की या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री दोन असतात. आधी समीक्षकांच्या पसंतीची, आणि पुढे अगदी शेवटाकडे मुख्य. हे मला माहीत होतं, टीचरना माहीत होतं, गॅलरीत बसणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं. सासऱ्यांना माहीत नव्हतं, कारण इतकी वर्षं पहिलं बक्षीस त्यांच्या डुलकीतच वाटलं गेलं होतं. आम्हा कुणाच्या हे डोक्यातच आलं नाही. आम्ही केळी सोलत बसलो.

सासरे परत आले तेव्हा त्यांनी तोंडावर टॉवेल धरला होता. आणि त्याच क्षणी टीव्हीवर मुख्य बक्षिसाचं नाव पुकारलं गेलं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, त्यांची नर्स! ती पळत मंचावर गेली, रडली, आणि काय सांगू, तिचं नाक लालभडक झालं होतं.

सासरे टीव्हीकडे बघत होते, आम्ही टॉवेलकडे बघत होतो.

"बाबा," नवरा म्हणाला, "तुम्ही खरंच...?"

"शब्द म्हणजे शब्द," टॉवेलमागून आवाज आला.

मग जो गोंधळ झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. नवरा म्हणाला, बाबा जिंकले. मी म्हणाले, कसे काय? आधी माझी जिंकली, आणि समीक्षकांचं बक्षीसच खरं, दुसरं काय, बाजार आहे. सासरे टॉवेलमागून ओरडले, "बाजार? लोकांना आवडलं की बाजार?" मी म्हणाले, फार तर बरोबरी झाली, दोघांची अर्धी अर्धी पैज. टीचर म्हणाल्या, "विषयाला धरून बोला. मिशी अर्धी उतरवता येत नाही." त्यावर मला हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. नवरा भिंतीला टेकून हसत होता. टीचर चष्मा काढून डोळे पुसत होत्या. सासरेही हसत असावेत, कारण टॉवेल हलत होता, पण ते टॉवेल सोडायला तयार नव्हते.

"फोटो रद्द करा," ते म्हणाले. "वाढेपर्यंत थांबू."

हे ऐकलं आणि माझं हसू एकदम आटलं. पैठणी फॉल लावून आली होती. कपाटात सगळ्यात वर, कागदात गुंडाळून ठेवली होती. भावंडांना, भाच्यांना बोलावणी गेली होती. मला वाटलं, आता सासूबाई रडणार, आणि बक्षीस कुणाचंही असो, हे सगळं माझ्या तोंडाळपणामुळे झालं असं सगळ्यांना वाटणार.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रे टीपॉयवर ठेवला. सरळ सासऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"टॉवेल काढा."

"नको."

"काढा म्हणते ना."

त्यांनी टॉवेल खाली घेतला. आम्ही सगळे हसायच्या तयारीत होतो. पण हसण्यासारखं काही नव्हतंच. नाकाखाली गोरी, मऊ कातडी होती, आणि ओठांची दोन्ही टोकं वर वळलेली होती. ते काही हसत नव्हते, बिचारे कानकोंडे होऊन बसले होते. ओठांची घडणच तशी होती. हसरा माणूस होता तो, जन्मापासून.

सासूबाई बघत राहिल्या. मग त्यांच्या शेजारी बसल्या. सासूबाईंना चारचौघांत सासऱ्यांच्या शेजारी बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"अहो, तुमचे ओठ हसरे आहेत की!"

"मग?"

"मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्ही कायम घुश्शात असता."

"घुश्शात? मी?" सासरे आमच्याकडे बघायला लागले. आम्ही कुणीच "छे छे" म्हणालो नाही, कारण आम्हालाही तेच वाटायचं.

"मिशीखाली काय चाललंय ते दिसायचं कुठे? काही बोलायचं म्हटलं की मी आधी तुमच्या तोंडाकडे बघायचे आणि परत आत जायचे. लग्न झाल्यावर कितीदा मनात यायचं, म्हणावं सिनेमाला जाऊ या. तुमच्याकडे बघितलं की धीरच व्हायचा नाही."

सासऱ्यांनी टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मला वाटायचं तुला सिनेमा आवडत नाही. तू आतच असायचीस."

माझं नाक लाल झालेलं कुणाला दिसू नये म्हणून मी केळ्यांच्या साली गोळा करायला लागले. टीव्हीवर कुणीतरी नाचत होतं, नवऱ्याने आवाज बंद केला.

"फोटो असाच काढायचा," सासूबाई म्हणाल्या. "आणि मिशी परत वाढवायची नाही."

"बरं," सासरे म्हणाले. एवढ्या लगेच ते कुणाला "बरं" म्हणालेले मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी घसा साफ केला. "मग फोटो झाल्यावर... येतेस का सिनेमाला? दुपारच्या खेळाला?"

सासूबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"येते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या नर्सचा नको आणि हिच्या वकिलिणीचाही नको. मला आवडते ती वेगळीच आहे, आणि आजवर मला कुणी विचारलंच नाही."