बाबांच्या पेटीतला गंधार

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी व्हायोलिन शिकायला घेतलं, तेव्हा घरच्यांनी माझी मनसोक्त टर उडवली. मी सेवाग्रामला दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. सुई टोचताना हात हलका असतो, एवढीच काय ती माझी कला. पण विहारात गायला म्हणून बाबांनी एक गीत रचलं होतं, चालही त्यांचीच, आणि ते सारखे म्हणायचे, "या गाण्याले फिडल पाह्यजे." फिडल म्हणजे व्हायोलिनच; ते वाजवणारे त्यांचे मित्र मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मला त्यांच्या शेजारी बसून ते गीत एकदा तरी वाजवायचं होतं. बुद्धपौर्णिमेला वाजवू, असं मी ठरवून टाकलं.

फिडलवर पेटीसारख्या पट्ट्या नसतात. बोट नेमकं कुठे ठेवायचं ते कानाने शोधावं लागतं. म्हणून रोज सकाळी ड्यूटीच्या आधी बाबा पेटी घेऊन माझ्यासमोर बसायचे. मी मांडी घालून फिडलचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवायची. ते एक पट्टी दाबून धरायचे आणि मी तारेवर बोट सरकवत राहायची. "वर घे. अजून जराशी. हां, बसला." माझ्या हातून काय एकेक आवाज निघायचे, शेजारची बाई खिडकी लावून घ्यायची, बाबा मात्र एकदाही हसले नाहीत. मी लहान असताना नोकरीपायी ते घरी फारसे नसत. इतका वेळ त्यांच्यासमोर मी आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते, आणि मला ते फार आवडत होतं.

आठेक महिन्यांनी हात जरा सुधारावा म्हणून वर्ध्याच्या एका सरांकडे गेले. त्यांनी मोबाइलवर तानपुरा लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ग उतरला आहे." मी गंधार परत वाजवला. परत तेच. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही.

"सर, रोज तासभर बसते मी!"

"म्हणून त इतका पक्का झाला," सर शांतपणे म्हणाले. "ताई, तुमी चूक पाठ करून राह्यल्या."

मग त्यांनी सांगितलं: पंधरा दिवस गाण्याला हात लावायचा नाही. तानपुरा लावून फक्त सा, रे, ग. दहाच मिनिटं, पण कान देऊन. मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःचं स्वतः ऐकायचं. चुकलं की सुरुवातीपासून पळत यायचं नाही, चुकलं तिथंच थांबायचं. पुढे हे सगळं खरं ठरलं. त्या दिवशी मात्र मी बसमध्ये रागाने फुगून बसले होते.

घरी आले. बाबा बाहेर गेले होते. पेटी उघडली, मोबाइलवर तानपुरा लावला आणि गंधाराची पट्टी दाबली. ती पट्टीच उतरलेली होती. सा ठीक, रे ठीक, आणि ग बिचारा खाली. बाबांचा कान त्याला वर्षानुवर्षं सरावला होता, आणि त्यांनी तो प्रेमाने माझ्या बोटात उतरवला होता.

आता त्यांना सांगणार कोण? विहारात कुणाचा सूर सुटला की सगळे बाबांकडे बघतात. त्या माणसाला, तुमची पेटी बेसूर आहे, हे मी सांगू? माझ्याने झालं नाही. मी गच्चीवर जाऊन एकटीच सराव करू लागले. बाबांना सांगितलं, खाली उकडतं. खालची पेटी बंद झाली.

"कंटाळली का व माय माह्यासंगं?" एकदा जेवताना त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, आणि त्यांच्या ताटात भाजी वाढली.

शेवटी मी दोन्ही गंधार बसवले. एक खरा, एक बाबांचा. पौर्णिमेला बाबांचाच वाजवायचा, सूर गेला खड्ड्यात.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरला होता. वंदना झाली आणि गीत सुरू झालं. पहिल्या कडव्यानंतर एक जागा आहे, तिथे कुणी गात नाही. पेटी आणि फिडल गंधारावर थांबतात. मी बोट जपून खाली ठेवलं, बाबांच्या गंधारावर, आणि गज ओढला. पेटी गप्प होती. बाबांनी त्या पट्टीवरून बोट उचललं होतं. भरल्या विहारात माझा उतरलेला ग एकटाच वाजला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान वर केली, सकाळी "वर घे" म्हणताना करायचे तशी. दुसऱ्या कडव्यानंतर मी खरा गंधार लावला. त्यांचा हात तसाच, पट्टीच्या वर थांबलेला. माझे डोळे भरून आले, कसंबसं गीत संपवलं.

परतताना पेटी मी उचलली होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"गच्चीवरून ऐकू येते न मले. पह्यले वाटलं, तूच चुकून राह्यली. मंग चार दिवस आयकलं, अन् पेटीवर दाबून पाह्यलं." थोडं चालून ते म्हणाले, "तू काऊन बोलली नाई?"

मी म्हटलं, "नागपूरला दुरुस्तीला देऊ. एका दिवसात करून देतात."

"राहू दे," बाबा म्हणाले. "मी तेथं बोट नाई ठेवत आता. तेवढा सूर तूच वाजवजो."