लंगडी म्हणायची चोरी

डिचोलीच्या शाळेत मी शारीरिक शिक्षणाची बाई म्हणून लागले, तेव्हा माझ्याकडे एक शिट्टी, एक पदवी आणि भरपूर शिस्त होती. कवायत, कदमताल, खो-खोचं मैदान आखणं, सगळं शिकून आले होते. सातवीतल्या एका मुलीचा डावा पाय पोलिओने बारीक राहिलेला. अशा मुलीला खेळवायचं कसं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला गुण मांडायला बसवलं आणि स्वतःच्या समजूतदारपणावर खूश झाले.

पुढचा शहाणपणा तर विचारू नका. आमच्या मुलींचा जीव लंगडीवर. पण तिच्यादेखत "चला, लंगडी घाला" म्हणून ओरडायला माझी जीभ रेटेना. मी तो खेळच तासातून काढून टाकला. मुली कुरकुरल्या, त्यांना दटावून गप्प केलं.

एका सकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. वडील खनिजाच्या ट्रकवर, माणसं मूळची सावंतवाडीकडची. बोलणं एकदम रोखठोक.

"बाई, लंगडी कित्याक बंद केलात? माझ्यासाठी?"

मी गडबडले. "अगं, तो शब्द..."

"शब्दाक काय जाता? माका खेळूक व्हया."

पण पडली तर? पालक भांडायला येतील, मुख्याध्यापक मलाच धरतील, ही माझी खरी भीती. मी सरळ तिच्या आईला बोलावून विचारलं.

"पडली तर उठतली," आई म्हणाली. "इतकी वर्सां तांच करता."

दुसऱ्या दिवशी लंगडी सुरू झाली. ती फक्कीच्या रेषेआत उतरली आणि उजव्या पायावर अशी सुटली म्हणता! बाकीच्या मुली दहा उड्यांत धापा टाकतात. हिच्या त्या पायाने लहानपणापासून दोघांचं काम केलेलं. बघता बघता चार जणी बाद! मी टाळ्या पिटत होते, वेळ संपल्याची शिट्टी वाजवायचीच राहिली. खरं सांगते, आनंदाइतकीच लाजही वाटली. इतके महिने मी तिचा नको तोच पाय बघत बसले होते.

मग तिच्यावर पळायची पाळी आली. पहिल्याच झडपेत ती सापडली. मी समजूत घालायला धावले, तर ही पोट धरून हसतेय.

"बाई, शाळेत माका आज पयल्यांदाच कोणीतरी बाद केल्यान!"