तिचं दूध

टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात मी दूध डेअरी चालवतो. सकाळी सगळ्यात आधी एक बाई दूध घेऊन येते. काट्यावर किटली ठेवते, पदर सारखा करते आणि "घ्या भाऊजी, जल्दी" म्हणते, मागे रांगेत कुणी नसलं तरी. तिच्या शेतात थोडी कपाशी; घरी एक म्हैस, नवरा आणि सासू. म्हशीचं सगळं दूध ती डेअरीला घालायची.

मग सरकारकडून बायकांना मिळणारे महिन्याचे पैसे तिच्या खात्यात यायला लागले. ते कशावर खर्च केले, हे कुणी विचारत नाही. त्यानंतर तिचं दूध अर्ध्या लिटरनं घटलं. मला वाटलं, ती दुसऱ्या डेअरीला घालते.

"म्हैस आटली का, वहिनी?"

"न्हाई. बराबर देती."

"मंग दूध कुठं जातंय?"

"आम्ही पिऊन राह्यलो. किराणा त्या पैशात भागतो, मंग सगळं कशाला इकू?"

मला काही ते पटलं नाही. पेंडीच्या पोत्याचं निमित्त काढून मी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. सासू ओसरीत बसून दोन्ही हातांनी पेला धरून दूध पीत होती. नवऱ्याचं पिऊन झालं होतं.

"तुमाला काळा चहा टाकते," ती मला म्हणाली. "दूध आमच्यापुरतंच ठिवलंय."

तिनं चहा आणून दिला. मग स्वतःचा भरलेला पेला घेऊन ती माझ्यासमोरच बसली आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत दूध प्याली. पाहुण्यासमोर असं दूध पिणारी बाई मी आमच्या गावात तरी पहिल्यांदाच पाहिली.