व्याह्यांच्या गाळलेल्या डिझेलची गोष्ट

गाळल्याशिवाय कुठल्याही पातळ पदार्थावर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात एकच आहे, आणि ते माझे व्याही आहेत. चहा ते दोनदा गाळतात. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी ताकसुद्धा गाळून मागितलं आणि मुलीचा बाप म्हणून मी निमूट गाळणी पुढे केली. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे आणि ओढ्याचं पाणी डोक्यावरच्या लाल पटक्यातून गाळून प्यायचे. वडील गेले, मेंढरं विकली, पटका राहिला. व्याही आता बजाजनगरात राहतात, जुन्या डिझेल पिकअपमधून भाजीची रोपं पोहोचवतात आणि कालपरवापर्यंत त्याच पटक्यातून डिझेल गाळायचे. पंपावर ते थेट टाकीत डिझेल भरू देत नसत. कॅनमध्ये घ्यायचं, घरी आणायचं, नरसाळ्यावर पटक्याची चौघडी धरायची आणि बारीक धार सोडायची. या कामाला अर्धी सकाळ जायची.

एवढं करूनही गाडी चढाला मान टाकायची. सपाटीवर नीट चालायची, चढ लागला की आचके द्यायची आणि बंद पडायची. मग इकडे पुंडलिकनगरात, माझ्या घरी, फोन वाजायचा. व्याह्याला ते त्यांच्या बोलीत इवाई म्हणतात. "इवाई, या जरा. गाडीनं एअर घेतली." नळीत हवा शिरली की डिझेल इंजिनपर्यंत पोहोचत नाही, हे बँकेत जन्म काढलेल्या मला त्यांनीच शिकवलं. मी स्कूटरवरून पोहोचायचो. ते फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचे, मी हातपंप मारायचो. फेस थांबून नितळ धार आली की ते बोट बुडवून चाखायचे, "आता बराबर" म्हणायचे आणि स्क्रू आवळायचे. मग रस्त्याकडेला बसून थर्मासमधला चहा. लेकीच्या सासरची जी खबर मला त्या चहावर मिळायची, ती लेकही कधी सांगत नसे.

वर्षभरात फिल्टर, वॉशर, नळ्या, फीड पंप, सगळं बदलून झालं. टाकी तेवढी कुणी उघडली नाही. मेकॅनिकनं नुसतं नाव काढलं तरी व्याही दुखावत. "गाळून भरलेली हाय. तिच्यात कचरा कुठून येईल?" शेवटी माझ्या जावयानंच त्यांना बजावलं, "बाबा, आता एकदा जरी बंद पडली तरी भंगारात देऊ." त्या गाडीशिवाय व्याह्यांनी दिवसभर काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात चढावर ती बंद पडली. फोनवर आवाज उतरलेला होता. "पोराला सांगू नका, इवाई."

मी गेलो, पण हातपंपाला हात लावला नाही. "व्याहीबुवा, आज टाकी उघडू," म्हणालो. लग्न ठरल्यापासून मी त्यांच्या शब्दाबाहेर पहिल्यांदाच गेलो होतो. ते बराच वेळ पाना हातात फिरवत उभे राहिले. मग खाली वाकले आणि टाकीतून डिझेल ओढणारा पाईप त्यांनी स्वतःच बाहेर काढला. टोकाच्या जाळीला लाल धाग्यांचा बोळा चिकटला होता. पटका विरत आला होता आणि गाळता गाळता त्याचेच धागे टाकीत जात होते. चढावर इंजिन जास्त डिझेल ओढायला लागलं की तोच बोळा जाळी तुंबवायचा आणि नळीत हवा शिरायची.

"आमच्या आबांचा हाय," ते म्हणाले. बोळा जाळीवरून सोडवत म्हणाले, "लई जुना झाला व्हता." जाळी साफ केली, तो बोळा पिळून खिशात ठेवला, हातपंप मारून नळीतली हवा काढली आणि गाडी एका दमात चढ चढून गेली.

आता पटका घडी करून कपाटात आहे आणि डिझेल थेट पंपावर टाकीत पडतं. गाडी भंगारात गेली नाही, जावई खूश आहे. माझा फोन मात्र चार महिने वाजला नाही, आणि मला त्यांची फार आठवण यायला लागली. परवा मीच फोन लावला. गाडी कशी आहे, विचारलं.

"झकास हाय. कुठंच थांबत नाय." मग म्हणाले, "तरी रविवारी येता का? उगंच फिल्टर खोलून बघू."

रविवारी मी थर्मास घेऊन निघालो. चहा दोनदा गाळून घेतला होता.