सरासरीपेक्षा जास्त पावसातले पापड

आमच्या घरातलं हवामान खातं चौतीस वर्षं बायकोकडे होतं.

सुमन सकाळी गॅलरीत जायची, एकदा आभाळाकडे बघायची, दोरीवरच्या कपड्यांना हात लावायची आणि निकाल द्यायची. मी आत बसून वर्तमानपत्रातला अंदाज वाचायचो. दोन्ही जुळले तर ती म्हणायची, पेपरवाल्यांनाही आता कळायला लागलं. जुळले नाहीत तर मी छत्री घेऊन बाहेर पडायचो आणि संध्याकाळी ती कोरडीच घरी आणायचो. गेल्या पौषात सुमन गेली आणि ते खातं माझ्याकडे आलं. (नेमणूक कुणी केली नव्हती. पण शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या माणसाला एखादं खातं लागतंच.)

जाण्याआधी तिने एक काम पुरं करून ठेवलं होतं. तिची धाकटी बहीण मंदा पेठ तालुक्यातल्या एका गावात राहते. मंदाच्या शेतातली नागली, म्हणजे नाचणी, आणायची, भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची आणि पीठ डब्यात भरून ठेवायचं, हा सुमनचा दरवर्षीचा नेम. मे महिन्यात डबा घेऊन ती मंदाकडे जायची आणि दोघी बहिणी मंदाच्या गच्चीवर वर्षाचे पापड घालायच्या. या वर्षीचाही डबा तयार होता. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती : 'पापडाचं. हात लावू नये.' घरात आम्ही दोघंच राहत असल्याने ही सूचना कुणासाठी होती, हे उघड आहे.

एप्रिलच्या शेवटी मंदाचा फोन आला. म्हणाली, पीठ घेऊन या दाजी, ताईच्या हातचं शेवटचं हाय, डब्यात कीड लागून जायला नको. मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर डब्यावरची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. पापड एकदा बिघडले की संपलं. ते पीठ पुन्हा दळणारं कुणी नव्हतं.

म्हणून मी अभ्यासाला बसलो.

उन्हाळ्याचा प्रादेशिक अंदाज मी आधी पेपरात वाचला. मग मूळ कागद मिळवला, छापून आणला आणि पिवळ्या पेनने रंगवला. आमच्याकडच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागात यंदाच्या उन्हाळ्यात सरासरीपेक्षा जास्त पाऊस पडण्याची शक्यता आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पेठ पश्चिमेला आहे. पेठ डोंगराळ आहे. राहिलं काय? मी तडक रविवार कारंज्यावरच्या बाजारात गेलो आणि निळी ताडपत्री घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, ट्रकसाठी का? मी म्हणालो, पापडांसाठी. त्याने पैसे दोनदा मोजून घेतले.

माझी मुलगी प्राची गाडी चालवणार होती. पिठाचा डबा माझ्या मांडीवर, ताडपत्री मागच्या सीटवर (डिकीत मावली नाही) आणि छापील अंदाज माझ्या खिशात. सावळ घाटात ऊन इतकं होतं की डोंगर पांढरे दिसत होते. प्राचीने एकदाच विचारलं, "बाबा, पाऊस कुठून येणार आहे?" मी तिला म्हणालो, हा अंदाज तीन महिन्यांचा असतो, एका दिवसाचं आभाळ बघून तो खोटा ठरत नाही. तीन महिन्यांच्या अंदाजावरून एका दिवसाचा पाऊसही ठरत नाही, हे याच वाक्यात दडलेलं होतं. पण मी ते बोलत होतो, ऐकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मंदाने पीठ शिजवलं, ताईच्याच मापाने मीठ, तीळ-जिरं घालून मळलं. प्राची लाट्या करत होती, मंदा लाटत होती. माझे साडू रामदास मितभाषी शेतकरी माणूस, ते पापड वर नेऊन जुन्या सुती लुगड्यांवर अलगद टाकत होते. मला कुणी काही काम दिलं नाही. मी गच्चीवर खुर्ची टाकली आणि आभाळावर देखरेख सुरू केली.

अकराच्या सुमारास डोंगरामागे एक ढग आला. आकाराने हातरुमालाएवढा. पण पांढरा कोरा हातरुमाल नव्हे, एक कोपरा किंचित मळका! तोवर सगळे जण हात धुऊन खाली चहाला बसले होते. मी एकटा होतो, समोर सुमनचं पीठ उघड्यावर पडलं होतं आणि खिशात शास्त्र होतं. मी ताडपत्री उलगडली.

ताडपत्रीला खाली टेकू द्यायला हवा, हे मला नंतर सांगण्यात आलं. मी ती सरळ पापडांवर पांघरली. वाऱ्याने फुगू नये म्हणून आईने बाळाला दुलई चेपावी तशी हाताने सगळीकडून चेपून बसवली. मग चारही कोपरे गच्चीच्या कडेला वर आलेल्या चार लोखंडी गजांना दोरीने बांधले. मला गाठ एकच येते, ग्रंथालयात जुन्या मासिकांचे गठ्ठे बांधायची. ती गाठ सुटत नाही. तिचं वैशिष्ट्यच ते आहे.

ढग पंधरा मिनिटांत विरघळला. मी ताडपत्री तशीच राहू दिली. म्हटलं, हा गेला, मागून दुसरा येईल. मी खाली येऊन बसलो, जेवलो आणि (हे लिहिताना लाज वाटते) अगदी शांत झोपलो. सुमन गेल्यानंतर दुपारी अशी झोप लागली नव्हती.

जाग आली ती मंदाच्या हाकेने. मी वर गेलो तेव्हा ती ताडपत्रीपाशी उकिडवी बसली होती. निळ्या कापडाखालून गरम वाफ येत होती आणि सगळ्या गच्चीला उकडीचा वास सुटला होता.

"दाजी, हे कशापायी झाकलं?"

"पाऊस."

मंदाने वर बघितलं. आभाळात एक घार होती, तीही उन्हाला कंटाळून निघालेली.

गाठी सुटेनात. रामदास प्रत्येक कोपऱ्यापाशी दोन मिनिटं बसले आणि दर वेळी माझ्याकडे नव्याने आदराने पाहून उठले. शेवटी मंदाने विळा आणला. पहिल्या कोपऱ्याची दोरी कापून तिने ताडपत्री थोडी उचलली आणि तिचा चेहरा पडला. वाफेने मऊ झालेले पापड लुगड्यावर नव्हतेच. ते सगळेच्या सगळे ताडपत्रीला आतून चिकटले होते, वटवाघळांसारखे. ओढावा तो फाटत होता. मंदाने ठरवलं, ताडपत्रीच उलटी करू, पापड वर येतील, सुकले की सुटतील. योजना उत्तम होती. तिने दुसरी दोरी कापली, तिसरी कापली आणि दरीतून दुपारचा वारा आला.

मोकळे कोपरे कुणाच्या हातात नव्हते. ताडपत्री फुगली, चौथी दोरी तुटली (गाठ शाबूत राहिली, याची नोंद व्हावी) आणि आमचं वर्षाचं वाळवण तरंगत जाऊन शेजारच्या गोठ्याच्या कौलांवर उताणं पडलं. दोरीचं टोक वाकलेल्या आंब्याच्या फांदीत अडकलं. पापडांची बाजू वर होती. मग प्राची हळूच म्हणाली, "आईचे पापड गेले?"

गेले नव्हते, पण हाती येतही नव्हते. जुनी कौलं माणसाचं वजन घेणार नव्हती. लांब शिडी होती, ती गोठ्याच्या मालकांकडे. ते घराला कुलूप लावून लग्नाला सुरगाण्याला गेले होते आणि परवा येणार होते. म्हणजे दोन दिवस ते पीठ उघड्या आभाळाखाली राहणार आणि आता खरोखरच पाऊस आला तर माझ्याकडे ताडपत्रीही नव्हती!

ते दोन दिवस मी गच्चीवरच्या खुर्चीत काढले. दर तासाने तो छापील अंदाज वाचत होतो. पहिल्या दिवशी ज्या ओळीवर माझा इतका विश्वास होता, ती खोटी ठरावी म्हणून आता मी मनातल्या मनात विनवण्या करत होतो. दुसऱ्या दिवशी रामदास शेजारी येऊन बसले. कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "साडूभाऊ, त्या कागदात बघा बरं, आमच्याकडं मे महिन्यात सरासरी किती पडतो?"

चौथ्या पानावर तक्ता होता. तो मी पाहिला नव्हता, कारण त्यात वाक्यं नव्हती. मी आकडा वाचला.

"म्हंजे ओंजळभर," रामदास म्हणाले.

"हो."

"आन् त्याच्यापेक्षा जास्त, म्हंजे?"

"दोन ओंजळी," मी म्हणालो.

ते मान हलवून उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. हसले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालक आले, शिडी आली. रामदासांनी वाशाला धरून काठीने ताडपत्री ओढली आणि आम्ही तिघांनी खाली चादर धरली. दोन दिवसांच्या कडक उन्हाने पापड खडखडीत वाळले होते. ताडपत्री हलली तसे आपणहून सुटून टपाटप चादरीत पडले. फुटले थोडेच. पण एकही सपाट नव्हता. कुणी कौलासारखा पन्हाळी, कुणी कानासारखा दुमडलेला, आणि प्रत्येकाच्या पाठीवर ताडपत्रीच्या विणीचे बारीक चौकोन.

मंदाने तिथेच चुलीतले निखारे पुढे ओढले, एक पापड भाजला आणि त्याचे चार तुकडे केले. मी तुकडा तोंडात टाकला आणि मला पुढचं नीट दिसेना. तेच मीठ, तोच किंचित जास्त पडलेला तीळ, तीच नागलीची गोडी. प्राचीने माझ्या दंडाला धरलं. मंदा बराच वेळ चावत राहिली, मग पदराने डोळे पुसले आणि चादरीतल्या त्या वेड्यावाकड्या ढिगाकडे बघत म्हणाली,

"चव ताईची हाय, दाजी. आकार तेवढा तुमचा."

आमच्या चौतीस वर्षांच्या संसाराचं इतकं नेमकं वर्णन, इतकी पुस्तकं हाताळूनही, माझ्या वाचनात आलेलं नाही.