तारखेला हरकत नाही

उल्हासनगर कोर्टात माझी ओळख एकच: ही बाई तारीख देत नाही. समोरचा वकील मुदत मागायला उठला, की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उभी. हरकत आहे साहेब, सक्त हरकत आहे! मग त्याची कंबर धरलेली असो, नाहीतर त्याचा पक्षकार वांगणीच्या पुढे कुठे अडकलेला असो. मी बदलापूरहून उन्हातान्हात स्कूटर हाणत येते ती काय तारखा घ्यायला? बाररूममध्ये माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि ते ऐकून मला गुदगुल्याच होतात.

अशी मी, चाळिशी ओलांडल्यावर, प्रेमात पडले. तेही पक्षकाराच्या!

त्यात गंमत अशी, की नेमकी त्याच सुमारास लांबच्या एका कोर्टातल्या वकिलाची बातमी बाररूममध्ये गाजत होती. घटस्फोटासाठी आलेल्या बाईशी त्याने संबंध ठेवले, तिने तक्रार केली, आणि शिस्तपालन समितीने त्याची सनद काही काळासाठी काढून घेतली. सनद नाही म्हणजे वकिली बंद, काळा कोट खुंटीला. कुणीतरी म्हणालं, दोघंही सज्ञान होती, समितीने कशाला नाक खुपसायचं? मी टेबलावर हात आपटला. "काही काळ काय, कायमची काढा! अडलेल्या माणसाच्या अडचणीवर आपली पोळी भाजून घेतो म्हणजे काय!" माझाच चहा सांडला. मी अगदी मनापासून बोलत होते, फक्त माझा एक कान बाहेर होता. माझ्या त्या पक्षकाराच्या केसचा पुकारा व्हायचा होता.

बदलापूर गावाबाहेर त्याची रोपांची नर्सरी आहे. शेतीची पदवी घेतलेला, कमी बोलणारा माणूस. बायको काही वर्षांपूर्वी आजारात गेली. नर्सरीत जायची वाट त्याच्या वडिलांच्या काळापासूनची. ती चुलतभावाने पत्रे ठोकून बंद केली. टेम्पो आत जाईना. माती, खत, कुंड्या, सगळं बांधावरून डोक्यावर न्यायचं, आणि तयार रोपं तशीच बाहेर आणायची. पत्रे काढायचा तातडीचा हुकूम मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला होता. तो रेंगाळत होता आणि नर्सरीचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळत होतं.

दर तारखेला येताना तो माझ्यासाठी एक रोप आणायचा. "पिवळी जास्वंद आहे, मॅडम." बस, एवढंच. माझ्या बाल्कनीत पूर्वी फक्त वाळत घातलेले काळे कोट असायचे. ती बघता बघता हिरवीगार झाली. तारीख जवळ आली की मला आदल्या दिवसापासून जेवण जायचं नाही. वकील बाईला काळ्या-पांढऱ्याशिवाय घालायला दुसरं असतं काय? तरी मी कॉलेजातल्या पोरीसारखी आरशासमोर! "मी सगळ्यांना रोज दोनदा पाणी घालते हं," मी त्याला तोऱ्यात सांगायचे. "हो मॅडम. छान," तो म्हणायचा.

आमच्यात काही घडलं नव्हतं. चेंबरचं दार सताड उघडं, मधे टेबल, टेबलावर त्याची फाइल. पण मी मनातून तरंगत होते.

मग तो दिवस आला. समोरच्या बाजूचे वकील सिंधी, वयाने मोठे, तोंडाने गोड आणि मुदत मागण्यात कसलेले. ते माझ्याकडे बिचकत बघत म्हणाले, "साहेब, भाचीची एंगेजमेंट आहे, एक डेट मिळाली तर..." मी मागे वळून पाहिलं. तो शेवटच्या बाकावर बसला होता, मांडीवर शेवंतीचं रोप. आज युक्तिवाद झाला तर अर्ज निकाली निघणार, आणि मग त्याला इथे यायचं कारण उरणार नाही. हा विचार मी केला असं म्हणता येणार नाही. तो आपोआपच झाला, आणि पाठोपाठ माझं तोंड उघडलं.

"हरकत नाही," मी म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" सगळं कोर्ट खदाखदा हसलं. सिंधी वकील माझ्या कानाशी पुटपुटले, "अरे साईं, आज सूरज किधर से निकला!" मीही हसले. फक्त तो हसला नाही. मान खाली घालून शेवंतीचं एक वाळकं पान खुडत राहिला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "नाही साहेब, हरकत आहे! आहे!" मी ओरडले, पण पुढची तारीख लिहून झाली होती.

बाहेर आल्यावर त्याने रोप माझ्या हातात दिलं. "चालतं मॅडम. तुम्ही दिली म्हणजे विचार करूनच दिली असणार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी स्कूटर थेट अंबरनाथला नेली, माझ्या सरांकडे. वकिली मी त्यांच्या हाताखाली शिकले, आणि ते पूर्वी अशाच एका शिस्तपालन समितीवर होते.

"सर, मी प्रेमात पडले!" चप्पल काढायच्या आतच मी सांगून टाकलं.

सरांनी पेपर खाली ठेवला. "अरे वा! कोण?"

"पक्षकार."

पेपर पुन्हा वर गेला.

"सर! माझी सनद जाईल का?"

"पक्षकाराच्या प्रेमात पडू नये असं आपल्या नियमांत स्पष्ट कुठे लिहिलेलं नाही," सर पेपरमागून म्हणाले. "पण त्यापायी त्याच्या कामाशी खेळ झाला, की गैरवर्तन. झालाय का?"

मी तारखेचं सांगितलं. पेपर घडी होऊन टीपॉयवर गेला. "बरं. तो तुला नाही म्हणू शकतो का?"

"का नाही म्हणणार? चांगला स्वाभिमानी माणूस आहे."

"आजवर कशाला नाही म्हणालाय?"

मी आठवून बघितलं. पाण्याला हो मॅडम. तारखेला चालतं मॅडम.

"त्याला पत्रे निघायला हवेत," सर म्हणाले. "उद्या तू लग्नाचं विचारलंस तर तो कोणाकडे बघून हो म्हणेल? तुझ्याकडे की पत्र्यांकडे? समितीसमोर आलेला प्रत्येक वकील हेच सांगायचा, ती राजी होती साहेब. अगं, राजी होतीच! तिची पुढची तारीख त्याच्या हातात होती."

मी रागाने लाल. बाररूममध्ये टेबल आपटून मी दुसरं काय म्हणाले होते? पण ते आपल्या दाराशी आलं की कसं वेगळं दिसतं!

"फाइल सोड. का सोडतेस ते सांगू नकोस, सांगणं म्हणजे विचारणंच झालं. त्याची वाट मोकळी होऊ दे, मग जा."

"आणि तोवर त्याने माझ्याकडे पाठ फिरवली तर?"

"तर फिरवली," सर म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

शहाडला माझी एक मैत्रीण वकील आहे, भांडायला माझ्यापेक्षा चार पावलं पुढे. फाइल तिला दिली. आमच्यात रीत अशी, की नव्या वकिलाने वकीलपत्र दाखल करायचं तर त्यावर जुन्याची ना हरकत सही लागते. ती सही करायची आमच्या लोकांच्या अगदी जिवावर येते. मी झटकन केली, नाहीतर झालीच नसती. तो टेबलापलीकडे उभा होता.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही. माझी अडचण आहे."

"हो मॅडम," म्हणाला आणि गेला. मी दार आयुष्यात पहिल्यांदा आतून लावून घेतलं आणि रडले.

पुढच्या तारखेला मी त्याला दिसणार नाही अशी, दाराशी उभ्या गर्दीत थांबले. सिंधी वकिलांनी मुदत मागितली. मैत्रीण अशी गरजली, की शेजारच्या कोर्टातला शिपाई डोकावून गेला. मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती. युक्तिवाद झाला, आणि काही दिवसांनी तिचा फोन आला, "मिळाली ऑर्डर! पत्रे काढतायत!" पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही. गळ्यातला पांढरा बँडही न सोडता स्कूटरला किक मारली. बदलापूर गावापर्यंत मी मोठमोठ्याने गात होते, आणि मला गाता येत नाही.

त्या मोकळ्या वाटेवरूनच आत शिरले. तो टेम्पोतून खताच्या गोण्या उतरवून घेत होता. मला बघून त्याने हात झटकले.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. दम लागला होता. "म्हणून फाइल सोडली."

त्याने टेम्पोवाल्याला थांबायची खूण केली. मग म्हणाला, "आणि इतके दिवस मी विचार करतोय, माझं काय चुकलं. एका शब्दाने सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता."

"म्हणालो असतो."

"म्हणूनच. आता काय म्हणता?"

"आता?" त्याचा आवाज चढला. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "आता नाही म्हणतो. मला राग आलाय. असं कोणी वागतं? तुम्ही जा आज."

मला इतका आनंद झाला की मी हसतच सुटले. कामावरच्या बायका हातातलं काम टाकून बघायला लागल्या. "रागवा! सावकाश रागवा! हवी तर तारीख घ्या, माझी हरकत नाही!" असं ओरडत मी स्कूटर वळवली.

काही आठवड्यांनी, रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. तो उभा होता. पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी आला होता. मी काही बोलायच्या आत तो सरळ बाल्कनीत गेला, कुंड्यांतल्या मातीत एकेक करून बोट खुपसलं आणि कपाळाला आठी घालून माझ्याकडे वळला.

"रोज दोनदा पाणी? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मुळं कुजवलीत सगळ्यांची."