जलंब ते मलकापूर, लाकडी डब्यातून

गूढ अनुभवांच्या अशा सदरात कधी माझं लिखाण छापून येईल असं मला कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला चहा पाजून हसत हसत घरी पाठवलं असतं. आम्ही बौद्ध. माझ्या वडलांनी घरात अंगारा, गंडा-दोरा, अंगात येणं यातलं काहीही शिरू दिलं नाही, आणि मीही दिलं नाही. एकतीस वर्षं रेल्वेत फिटर होतो, कॅरेज अँड वॅगन खात्यात. रात्रीच्या वेळी यार्डात एकट्यानं इतका हिंडलोय की भूत असतं, तर एव्हाना त्याची-माझी ओळख झाली असती. तरीही लिहायला बसलोय... कारण पोटात ठेवून ठेवून त्रास व्हायला लागला.

आधी शोभाबद्दल सांगतो. शोभा माझी बायको. माहेर वडनेर भोलजी. लग्न झाल्यावर जलंबच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली ती तिथंच राहिली. दाराच्या समोर रूळ. दिवसरात्र गाड्या. आणि ही बाई गाडीत किती वेळा बसली असेल? बोटांवर मोजा. रेल्वेत माणसाला दरवर्षी कुटुंबासाठी फुकट पास मिळतो. शोभा दरवर्षी विचारायची, "औंदा तरी पास काढता का नाई?" मी म्हणायचो, काढू ना. मग कुणी आजारी पडायचं, कुणाच्या बदली मी ड्यूटी करायचो, वर्ष संपायचं आणि पास तसाच जायचा. माहेरीसुद्धा ती एसटीनं जायची. शेजारच्या बायका चिडवायच्या, "रेल्वेवाल्याची बायको अन् एसटीच्या फाट्यावर उभी!" ती हसायची. मीही हसायचो, लाज नव्हती मला.

अडीच वर्षांपूर्वी तिला अकोल्याला दवाखान्यात भरती केलं. हृदयाचं दुखणं. आमची मुलगी प्रणाली सोबत होती. ती पिंपळगाव राजाला शाळेत शिक्षिका आहे, तिनं रजा टाकली. मी टाकली नाही. साहेबांनी रजा नाकारली असं नाही हो, मी मागितलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, तब्येत सुधारतेय. मला वाटलं, रात्रपाळी करू, सकाळी जाऊ.

तिसऱ्या रात्री नऊच्या सुमारास शोभाचा फोन आला. "तुमाले एक सांग्याचं व्हतं... येळ हाय का?"

समोर मालगाडी तपासणीला लागली होती. मी म्हटलं, "गाडी लागली बाई. सकाळी येतोच हाय, तवा सांग."

"बरं," म्हणाली.

पहाटे चारला ती गेली. मी सकाळच्या गाडीनं पोचलो. तिला काय सांगायचं होतं ते प्रणालीलाही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतो, माणूस गेल्याचं दुःख एक वेळ पचतं. पण त्यानंतर असा एक दिवस गेला नाही की मी मनात तो फोन पुन्हा उचलला नाही, आणि "बोल, येळ हाय" असं म्हटलं नाही.

आता त्या रात्रीचं.

मागच्या हिवाळ्यात, माझ्या निवृत्तीला चार महिने उरले असताना, एक हुकूम आला. जलंबच्या साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, एक लाकडी पॅसेंजर डबा कित्येक वर्षं पडून होता. पूर्वी तो गाडीला लागायचा, नंतर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या माणसांना राहायला दिलेला, नंतर कुणाचाच नाही. तो भुसावळला नेऊन, पॉलिश करून लोकांना पाहायला ठेवायचा होता. मालगाडीच्या शेवटी, गार्डच्या ब्रेकव्हॅनच्या पुढं जोडून हळूहळू न्यायचा. आणि सोबत बसायला जुना फिटर हवा होता, म्हणजे मी.

जुनाच का, ते सांगतो. आताच्या डब्यांना रोलर बेअरिंग असतं. या डब्याच्या चाकांना जुन्या धर्तीचे ॲक्सल बॉक्स होते, आत तेलात भिजवलेला सुती धागा ठासलेला. तेल कमी पडलं की बॉक्स तापतो, आणि फार तापला की पेटतो. वर सगळं सागवान! म्हणून गाडी जिथं थांबेल तिथं खाली उतरायचं आणि आठही बॉक्सना हाताची उलटी बाजू लावून पाहायची. नव्या पोरांनी हे बॉक्स पाहिलेलेसुद्धा नाहीत.

रात्री दहाला जलंब सोडलं. गार्ड होते मलकापूरचे रफीकभाई. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं, पण आमच्या तोंडी गार्डच बसलंय. जोडणी झाल्यावर ते ब्रेकव्हॅनमध्ये गेले, मी डब्यात चढलो. आत लाकडी बाकं, खिडक्यांना लाकडी झडपा, दिवा नाही. थंडी मरणाची. मी सगळ्या झडपा खाली पाडल्या, घोंगडं गुंडाळलं आणि बॅटरी वाचवायला टॉर्च बंद केला.

नांदुऱ्याला थांबलो. उतरलो, आठही बॉक्स पाहिले, गार होते. परत चढलो. गाडी निघाली.

पाच-दहा मिनिटं झाली असतील. गार वारा लागला म्हणून पाहिलं, तर उजव्या बाजूची एक झडप वर केलेली. आणि त्या खिडकीशी शोभा बसली होती. डोक्यावरून शाल घेतलेली, तोंड बाहेर.

तुम्ही म्हणाल, किंचाळलो असेन. नाही. मला भीती वाटलीच नाही, आणि याचंच मला अजून नवल वाटतं. घरात स्वयंपाकखोलीत ती असावी आणि आपण बाहेरून यावं, तसं वाटलं. मी उठून तिच्या समोरच्या बाकावर बसलो.

ती बाहेर बघतच म्हणाली, "बसवलं म्हना शेवटी गाडीत."

मी खिडकीकडं सरकलो.

"वडनेरचे दिवे का हे?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हटलं. "तिकडं दूर दिसतात थे."

"एसटीतून असं नाई दिसत." मग म्हणाली, "तुमी जेवले का?"

"भाकर आनली हाय. मंग खातो."

"मंग खातो, मंग खातो... जिंदगी गेली तुमची." आणि हसली. तेच हसणं, नाकातून आधी आवाज यायचा ते.

ती प्रणालीबद्दल विचारत राहिली. शाळा कशी आहे, खोलीत पाण्याची अडचण आहे का, पोरगी रडते का. मी म्हटलं, माझ्यासमोर एकदाही रडली नाही. शोभा म्हणाली, "तुमच्यावर गेली." मला वेळेचं भान नव्हतं. मला फक्त एवढं माहीत होतं की एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो विचारला की ही जाईल अशी धास्ती वाटत होती. शेवटी गाडीचा वेग कमी झाला, मधल्या एका लहान स्टेशनात आम्हाला लूप लाइनला घेतलं. मागून एक्सप्रेस येत होती, तिला पुढं सोडायचं होतं. गाडी थांबली.

आणि मी उतरलो नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा गाडी थांबली आणि मी जागचा हललो नाही.

मी म्हटलं, "शोभा, तू त्या रात्री काय सांगनार व्हती?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "सांगतो ना. पहिले खाली पाहून या. जळल्यावानी वास येऊन राह्यला."

मला काहीच वास येत नव्हता. तेल-ग्रीसमध्ये आयुष्य गेलं, माझं नाक केव्हाच कामातून गेलंय. मी म्हटलं, "जळू दे. तू सांग."

"असं काऊन करता? जा, पाहून या. मी हाय इथंच."

मी गेलो. टॉर्च घेऊन डाव्या दरवाजानं खाली उतरलो, पहिले तीन बॉक्स पाहिले, गार. मागच्या टोकाच्या चौथ्याजवळ हात नेला आणि लावायची गरजच पडली नाही. झाकणाच्या फटीतून धूर येत होता. अजून एक स्टेशन तसेच गेलो असतो, तर डबा पेटला असता आणि मीही त्यात असतो.

मी ओरडलो, "रफीकभाई, हॉट ॲक्सल!"

ते पलीकडच्या, मेन लाइनच्या बाजूला उतरले होते. ब्रेकव्हॅनला वळसा घालून धावत आले. बॉक्सवर टॉर्च मारला आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"इंगळे भाऊ, पहिले भाबीले उतरवा! लाकूड हाय सारं!"

मी टॉर्च त्यांच्याकडं वळवला. "तुमाले दिसली?"

"दिसली म्हंजे? आताच त खिडकीत पाह्यली. बाईमानूस म्हनून म्या बॅटरी खाली केली. म्हटलं, रिटायरमेंटले आले, फॅमिली घेऊन चालले असतील, आपल्याले काय... ओ, उतरवा ना त्याहिले!"

मी वर चढलो. डबा रिकामा होता. झडप वर, बाक रिकामं. मी वेड्यासारखा टॉर्च मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, बाकांखाली पाहिलं. हाका मारल्या. एकतीस वर्षांचा फिटर, बाकाखाली वाकून बायकोला शोधत होता.

रफीकभाईंना वाटलं, ती घाबरून पलीकडच्या दारानं मेन लाइनवर उतरली. आणि दूर एक्सप्रेसचा दिवा दिसायला लागला होता. तो भला माणूस पुन्हा वळसा घालून पळाला. "भाबी! भाबी, रुळावर नका थांबू, इकडे या!" त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. एक्सप्रेस धडधडत निघून गेली. ती गेल्यावर ते टॉर्च घेऊन रुळांमध्ये, खडीत, उताराला तुरीच्या कडेला शोधत फिरत होते. कंट्रोलला कळवतो म्हणाले, वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

तेव्हा मी त्यांचा हात धरला. "रफीकभाई, नका शोधू. माह्या बायकोले जाऊन दोन वर्षं झाली."

त्यांनी वॉकीटॉकी खाली केला. म्हणाले, "मंग म्या कोनाले पाह्यलं?" मी खडीत बसून रडत होतो. दवाखान्यात रडलो नव्हतो, तिला अखेरचा निरोप देताना रडलो नव्हतो, ते सगळं तिथं बाहेर आलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाणी दिलं. ड्रायव्हरला फक्त हॉट ॲक्सलचं सांगितलं. नंतर मी बॉक्स निववला, जुना धागा काढला, नवा तेलात भिजवून भरला, आणि पूर्ण वेळ रफीकभाई शेजारी टॉर्च धरून उभे होते. तिथून बैलगाडीच्या चालीनं मलकापूर गाठलं आणि डबा तिथं काढून ठेवला. मी ब्रेकव्हॅनमध्ये त्यांच्यासोबत बसलो होतो.

मी शहाणपणानं विचार करून पाहिलाय, नाही असं नाही. थकवा होता, थंडी होती, अंधार होता, मन तिच्यातच होतं. डुलकी लागली आणि स्वप्न पडलं, मान्य. जळक्या तेलाचा वास झोपेत माझ्या निकामी नाकालाही कळला असेल आणि स्वप्नानं तो तिच्या तोंडी घातला असेल, हेही मान्य. पण रफीकभाईंनी मला घोंगड्यात पाहिलं असेल म्हणावं, तर ते उजव्या बाजूनं खिडकी पाहत होते तेव्हा मी डावीकडं खाली बॉक्सशी होतो. आणि मी तर सगळ्या झडपा स्वतः पाडल्या होत्या. इथं माझी गाडी अडते, ती अडलेलीच आहे.

पण खरं सांगू? ती होती की नव्हती, याचा मला त्रास होत नाही. त्रास याचा होतो की मी पुन्हा उतरलो. एकदा जळू दे म्हटलं खरं, पण चुलीत जाऊ दे तो बॉक्स, आधी बोल, असं म्हणून अडून बसलो नाही. डबा वाचला, मी वाचलो, साहेबांनी शाबासकी दिली. तिचं सांगायचं राहिलंच.

हे मी सहा महिने कुणाला सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रणाली घरी आली, तेव्हा एके दुपारी सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडेल. मुलांना शाळेत अंधश्रद्धेवर धडा शिकवणारी पोरगी ती. पण तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"बाबा, आईले दम लागत व्हता का?"

मला कळलं नाही. मग ती बोलली. फोन ठेवल्यानंतर शोभाचा दम वाढत गेला होता. पहाटेपर्यंत तिला एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. पाणी मागायला तीनदा थांबून श्वास घेतला. हे प्रणालीनं मला आजवर सांगितलं नव्हतं, मला सोसवणार नाही म्हणून. अडीच वर्षं एकटीनं ते डोळ्यांसमोर घेऊन पडायची, झोप यायची नाही.

मी म्हटलं, "नाई बेटा. सरळ बोलत व्हती. लांब लांब बोलली. हसली बी."

"थांबून थांबून नाई?"

"नाई. एकदाबी नाई."

तेव्हा ती रडली. लहानपणी रडायची तशी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसलो.

ते काय होतं, मला माहीत नाही. भूत असतं असं मी आजही म्हणणार नाही. वाचकांपैकी कुणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहावं, भास होता म्हणून लिहिलंत तरी मी ऐकून घेईन. फक्त एक विनंती आहे. माझी मुलगीही हे सदर वाचते. ते उत्तर छापू नका, मला घरी पाठवा. तिला आता रात्री झोप लागते.